मंदीच्या काळात छोटा व्यवसाय कसा टिकवावा?

व्यापार-उदीम ही गोष्ट आपल्या समाजात अजून नवी आहे. आपल्या आजोबांच्या पिढीतील बहुतेकांनी शेतमजुरी केली. वडिलांच्या पिढीतील काहींनी शिक्षण घेऊन रेल्वेत, शाळेत, कचेरीत नोकरी मिळवली. स्वतःचे दुकान टाकणारी पिढी आता आता पुढे आली. धरणगावच्या बाजारपेठेत व आसपासच्या खेड्यांत आज कोणी किराणा विकतो, कोणी रेडिमेड कपड्यांचे दुकान चालवतो, कोणी शिवणकाम, वेल्डिंग, मोबाइल दुरुस्ती करतो, तर कोणी आठवडे बाजारात पाल ठोकून बसतो.

वडिलोपार्जित दुकान असलेल्या व्यापाऱ्यावर मंदी आली तर त्याच्या पाठीशी घर असते, सोने असते, नात्यातला ठोक व्यापारी असतो. पहिल्या पिढीच्या दुकानदाराच्या पाठीशी यांपैकी बहुधा काहीच नसते. लागोपाठ दोन हंगाम वाईट गेले की शटर खाली येते, आणि कालचा मालक ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला काम शोधायला निघतो. शिकणाऱ्या मुलाचे शिक्षण तेथेच थांबते. म्हणून मंदी हा विषय केवळ अर्थशास्त्राच्या पुस्तकातला नसून आपल्या घरातला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी सोप्या हिशेबाने मांडीत आहोत.

१) मंदी म्हणजे काय?

गिऱ्हाईक कमी झाले की आपण ‘मंदी आहे’ म्हणतो. परंतु प्रत्येक वेळी ती मंदी नसते. आपल्या भागात आषाढ-श्रावणात विक्री दर वर्षीच उतरते, कारण शेतकऱ्याचा पैसा तेव्हा शेतात गेलेला असतो आणि पीक हाती यायचे असते. दसरा-दिवाळीला ती चढते. तेव्हा या महिन्याची तुलना मागील महिन्याशी करू नये, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

दुसरे असे की, विक्री सगळ्यांची उतरली की फक्त आपली, हे पाहावे. सगळ्यांची उतरली असेल तर ती मंदी. फक्त आपली उतरली असेल तर कारण दुसरे आहे: माल जुना झाला असेल, शेजारी नवे दुकान झाले असेल, गिऱ्हाईक मोबाइलवरून वस्तू मागवू लागले असेल, किंवा आपलेच दुकान वेळेवर उघडत नसेल. दुखणे निराळे असेल तर औषधही निराळे लागते. आणि हे सर्व ओळखायला रोजच्या विक्रीची वही हवी. ज्याच्याकडे वही नाही त्याला मंदी आली हे घराचा किराणा भरताना कळते, तोवर तीन-चार महिने निघून गेलेले असतात.

२) आपल्या भागात मंदी कोणत्या वाटेने येते?

खानदेशात ती बहुधा कापसाच्या वाटेने येते. बागायती कपाशीची पहिली वेचणी गणेशोत्सवाच्या सुमारास सुरू होते, व्यापारी मुहूर्ताची खरेदी करतात, आणि तेथून बाजारात पैसा फिरू लागतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ती हातात पडली की मजूर आठवडे बाजारात येतो. शेतकरी कापूस विकतो तेव्हा प्रथम बी-बियाणे व खतवाल्याची बाकी देतो, मग किराण्याची, मग कपड्याची. लग्नसराईतील खरेदी याच पैशावर होते. म्हणजे आपल्या गल्ल्यात पडणारी नोट अनेक हातांतून आलेली असली तरी तिचे मूळ पुष्कळदा कपाशीच्या बोंडात असते.

याचे ताजे उदाहरण सर्वांच्या पाहण्यातले आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या हंगामातही तोच भाव मिळेल या आशेने खानदेशातील असंख्य शेतकऱ्यांनी २०२२-२३ चा कापूस घरात भरून ठेवला. भाव काही वाढला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात तो ८,००० च्या खाली आला, पुढे आणखी उतरला. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ६,०८० व लांब धाग्याला ६,३८० रुपये होता. शेतकऱ्याच्या घरात कापसाचा ढीग होता आणि खिशात पैसा नव्हता. जी बाकी संक्रांतीपर्यंत मिळायची ती पेरणी तोंडावर आली तरी मिळाली नाही. शेतकऱ्याचा कापूस अडकला तसा दुकानदाराचा पैसा अडकला.

या भावाची किल्ली धरणगावात नाही, जळगावातही नाही. जगात कापूस किती पिकला, सूतगिरण्यांना मागणी किती, सरकारचे आयात शुल्क किती, यांवर तो ठरतो. २०२१ साली कापसावर ११ टक्के आयात शुल्क लागले. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत उठवण्यात आले, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात बाहेरचा कापूस स्वस्त झाला. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० व लांब धाग्याला ८,११० रुपये होता. टपरीवाल्याला या गोष्टींशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, दिवाळीचा माल किती भरायचा हे ठरवण्यापूर्वी कापसाचा भाव व हमीभाव वर्तमानपत्रात पाहण्याची सवय प्रत्येक दुकानदाराने लावून घ्यावी.

कधी कधी मंदी दुसऱ्याही वाटेने येते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० च्या नोटा रद्द झाल्या. मोलाने पाहिले तर त्या चलनाच्या सुमारे ८६ टक्के होत्या, आणि तो काळ कापूस खरेदीच्या भराचा होता. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी आली, लग्नसराई बुडाली. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आधीच्या वर्षीच्या तुलनेत जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. दोन्ही वेळा लहान दुकानदाराचा अपराध काहीच नव्हता. तरीही त्यातून काही दुकाने तरली व काही बुडाली. तो फरक कशामुळे पडला, हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

३) इतिहास काय सांगतो?

धरणगावची पेठ जुनी आहे. इंग्रजांनी १६७४ साली येथे वखार घातली होती. १६७५ व १६७९ साली शिवाजी महाराजांच्या फौजांनी ही पेठ लुटली, याचा अर्थ लुटण्याजोगी संपत्ती येथे होती. चढ आणि उतार या गावाने पुष्कळ पाहिले.

कापसाची पहिली मोठी तेजी-मंदी एकोणिसाव्या शतकातली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईत कापसाचे भाव काही पटींनी चढले. खानदेश हा कापसाचा मुलूख, त्यामुळे येथेही पैसा आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, कारण भाव असेच राहतील असे घेणाऱ्यालाही वाटत होते आणि देणाऱ्यालाही. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईतील शेअर बाजार त्याच वर्षी बुडाला. गावोगावी कर्जाचे आकडे मात्र वहीत जसेच्या तसे राहिले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले, त्यामागील कारणांपैकी हे एक होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीतही तेच घडले. दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव सुमारे निम्म्यावर आले, पण हप्ता, व्याज व सारा निम्म्यावर आला नाही.

यातून एक नियम हाती येतो. मंदीत भाव उतरतो, कर्ज उतरत नाही. तेजीत दहा पोती कापूस विकून जे कर्ज फिटले असते त्यासाठी मंदीत वीस पोती विकावी लागतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयाच्या क्रयशक्तीला, म्हणजे त्याने बाजारात काय व किती विकत घेता येते याला, महत्त्व दिले. ते स्थिर राहिल्याखेरीज रुपया स्थिर झाला असे म्हणता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ अवश्य अभ्यासावा. रुपयाचे मोल हलले की कोणाच्या ताटातील किती जाते, हे समजून घ्यायला त्याचा उपयोग होईल.

४) दुकान कशाने बुडते? एक हिशेब

विक्री कमी झाली म्हणून दुकान बुडाले, असे लोक म्हणतात. आमच्या मते हे अर्धे उत्तर आहे. पुढील हिशेब विद्यार्थ्यांनी कागद घेऊन स्वतः करून पाहावा.

समजा, रेडिमेड कपड्यांचे एक लहान दुकान आहे. चांगल्या महिन्यात त्याची विक्री २,००,००० रुपये होते. शंभर रुपयांच्या विक्रीत ८० रुपये मालाचे व २० रुपये नफ्याचे. म्हणजे नफा ४०,०००. त्यातून भाडे ४,०००, वीज व फोन १,५००, मदतनिसाचा पगार ८,०००, बँकेचा हप्ता ५,५०० आणि घरखर्च १५,०००, असे ३४,००० जातात. हाती ६,००० उरतात.

आता विक्री ३० टक्क्यांनी उतरली. ती १,४०,००० झाली. नफा २८,००० झाला. खर्च मात्र ३४,०००च राहिला. म्हणजे ६,००० उरत होते तेथे ६,००० कमी पडू लागले. हे दुखणे कठीण आहे, पण जीवघेणे नाही. घरखर्चात व दुकानखर्चात काटकसर करून काही महिने निभावता येईल.

परंतु यातील चौथा हिस्सा, म्हणजे ३५,००० रुपयांचा माल, उधारीत गेला असे धरा. चांगल्या दिवसांतही उधारी असते, पण तेव्हा मागची बाकी येत असते आणि नवी जात असते, त्यामुळे ती जाणवत नाही. मंदीत जुनी येणे थांबते आणि नवी जाणे चालू राहते. आता रोख आले १,०५,००० आणि द्यायचे आहेत मालाचे १,१२,००० व खर्चाचे ३४,०००, एकूण १,४६,०००. तूट झाली ४१,०००! वहीवर तोटा ६,००० चा दिसतो, गल्ल्यात खड्डा ४१,००० चा पडतो. पहिल्या महिन्यात ठोक व्यापारी थांबतो. दुसऱ्या महिन्यात माल कमी देतो. तिसऱ्या महिन्यात दुकानदार शेकड्याने पैसे काढतो. पुढे काय होते ते सांगायला नको.

तात्पर्य, मंदीत दुकान विक्री घटल्याने जितके बुडते त्याहून अधिक रोख अडकल्याने बुडते. रोख अडकते ती तीन ठिकाणी: गिऱ्हाइकाच्या उधारीत, फळीवर पडून राहिलेल्या मालात, आणि कर्जाच्या व्याजात. पुढील सर्व उपाय या तीन ठिकाणांचा पैसा मोकळा करण्याचे आहेत.

५) उपाय

(अ) रोजची किमान विक्री काढा. वरील दुकानाचा खर्च ३४,००० व नफा शेकडा २०, तेव्हा महिन्याला १,७०,००० ची विक्री झाली तरच खर्च भागतो. महिन्यात २६ दिवस दुकान चालते असे धरले तर रोज सुमारे ६,५४० रुपये. हा आकडा गल्ल्याच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा. आपण पाण्याच्या वर आहोत की खाली, हे रोज संध्याकाळी कळते.

(आ) दुकानाचा पैसा व घराचा पैसा वेगळा ठेवा. घरासाठी महिन्याची रक्कम ठरवून पगारासारखी घ्यावी. मंदीत प्रथम हीच रक्कम कमी करावी, आणि का कमी केली ते घरातील सर्वांना वही दाखवून सांगावे. कित्येक घरांत पत्नी व मुले दुकानात राबतात, पण त्यांना दुकानाची स्थिती ठाऊक नसते. लपवलेली अडचण वाढत जाते.

(इ) उधारीला शिस्त लावा. एकदम सगळ्यांना ‘उधार बंद’ म्हटले तर गिऱ्हाईक आणि बाकी दोन्ही जातात. प्रत्येकाची मर्यादा ठरवावी, मागील बाकीतून काही भरल्याशिवाय नवी देऊ नये. मागताना माणसाचा मान राखावा. चार लोकांत आवाज चढवून मागण्यापेक्षा घरी जाऊन ‘आबा, सगळे आज नका देऊ, कापूस मोजल्यावर बघू, आज पाचशे जमा करून घेऊ का?’ असे म्हटले तर पैसे येतात आणि संबंधही राहतात. लहान बाक्या आधी वसूल कराव्यात, त्या लवकर येतात. भरलेली रक्कम त्याच्यासमोर वहीत लिहून सही घ्यावी. मुदतीच्या कायद्याप्रमाणे (१९६३) विकलेल्या मालाच्या बाकीसाठी साधारण तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. त्या मुदतीत ऋणकोने लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून सहीला किंमत आहे.

(ई) भाव पाडताना विचार करा. गिऱ्हाईक येत नाही म्हणून पुष्कळजण सरसकट १० टक्के सूट देतात. वरील दुकानात १०० ची वस्तू ९० ला दिली तर नफा २० चा १० होतो. म्हणजे पूर्वीइतकाच नफा मिळवायला दुप्पट वस्तू विकायला हव्यात. मंदीत दुप्पट विक्री कोठून होणार? मात्र गेल्या वर्षीचा, मापाबाहेरचा, फळीवर धूळ खात पडलेला माल मुद्दलात, प्रसंगी थोडा खाली द्यावा. तेथे आपण नफा सोडत नसून अडकलेली रोख सोडवत असतो.

(उ) माल थोडा आणि वारंवार आणा. जळगावच्या ठोक बाजारातून एकदम मोठी खरेदी केली तर गठ्ठ्यावर थोडे वाचतात, पण पैसा दोन महिने फळीवर बसतो. रोज खपणारा माल आधी. शक्य असेल तेथे शेजारच्या दुकानदाराबरोबर एकत्र खरेदी करून वाटून घ्यावा. न खपलेला माल परत घेण्याची बोली आधीच करावी.

(ऊ) दुरुस्तीकडे वळा. मंदीत माणूस नवी वस्तू घेण्याचे लांबवतो आणि जुनी चालवून घेतो. कपडे विकणाऱ्याने आल्टरचे काम घ्यावे, सायकल विकणाऱ्याने पंक्चर व सुटे भाग ठेवावेत, फर्निचरवाल्याने जुन्या कपाटाला रंग देऊन द्यावा. दुरुस्तीत माल कमी व श्रम अधिक लागतात, म्हणून रोख कमी अडकते.

(ए) मदतनिसाला सर्वांत शेवटी कमी करा. तो बहुधा आपल्यासारख्याच घरातला असतो. त्याच्याशी बोलून वेळ किंवा दिवस कमी करता येतात. शिवाय हंगाम परत येतो तेव्हा कामाची माहिती असलेला माणूस सहज मिळत नाही.

६) कर्जाविषयी

हप्ता चुकणार असे दिसताच, चुकण्यापूर्वी बँकेत जावे. आपली माणसे नेमके उलटे करतात. हप्ता थकला की बँकेच्या रस्त्याने जाणे टाळतात, फोन उचलत नाहीत. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि नंतर पुढचे कर्ज मिळणे अवघड होते. त्या आधी शाखाधिकाऱ्याला विक्रीची वही दाखवून हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता येते. अडचणीतील छोट्या उद्योगांच्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ साली कार्यपद्धती ठरवून दिली आहे, तीत कर्जदाराने स्वतः होऊन अर्ज करण्याची सोय आहे. तोंडी न बोलता लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

हप्ता लांबणे म्हणजे माफ होणे नव्हे. टाळेबंदीत १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती. त्या काळाचे व्याज मात्र चालू होते. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजावरील व्याजाचा भाग तेवढा सरकारने नंतर परत केला. ज्यांनी ही सवलत माफी समजून वापरली त्यांना पुढील हप्ते जड गेले.

शेकड्याच्या सावकारीपासून दूर राहावे. ‘शेकडा पाच’ हे ऐकायला लहान वाटते, पण ते महिन्याचे असते. वर्षाला ६० टक्के झाले. शेकडा २० नफ्याच्या दुकानाने ते कोठून द्यायचे? परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. तसेच घरातील स्त्रीच्या नावाने बचत गटातून अथवा मायक्रोफायनान्स कंपनीकडून काढलेले कर्ज दुकानाच्या तुटीत घालू नये. त्याने दुकान तरत नाही आणि ती बहीण मात्र गटात मान खाली घालते.

सरकारी योजनांची माहिती ठेवावी. मुद्रा योजनेतून (२०१५) तारणाशिवाय कर्ज मिळते, शिशु गटात ५०,००० पर्यंत. हातगाडी व पथारीवाल्यांसाठी स्वनिधी योजना २०२० साली आली. तिचे पहिले कर्ज १०,००० होते, ते २०२५ मध्ये १५,००० करण्यात आले. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आपल्या समाजासाठी आहे. वेल्डिंग, शिवणकाम, छपाई असे उत्पादन किंवा सेवा करणाऱ्याने ‘उद्यम’ नोंदणी करावी, ती विनामूल्य आहे. नोंदणी असलेल्या अशा लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात असावी. कर्ज हे चालणाऱ्या धंद्याला वाढवते, गळणाऱ्या धंद्याची गळती थांबवत नाही. आधी गळती शोधावी, मग अर्ज भरावा.

आणि सर्व करूनही जमले नाही तर? तर देणी फेडण्याइतका माल शिल्लक आहे तोवर दुकान आवरावे. सर्वांचे पैसे चुकते करून बंद केलेल्या दुकानाचा मालक त्याच पेठेत पुन्हा उभा राहू शकतो. त्यात लाज नाही.

७) शिल्लक कोठे व किती?

मंदीची तयारी तेजीत करावी लागते. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला जो उपदेश केला तो दीघनिकायात आहे. त्यात मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे: एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या हिशेबात धंद्याला दोन वाटे आणि संकटाला एक वाटा आहे, हे आपण नीट पाहावे. आपल्यापैकी पुष्कळांचा उपभोगाचा भाग दोन वाट्यांचा असतो आणि चौथा भाग नसतोच. चौथाई जमत नसेल तर विसावा भाग ठेवावा, पण ठेवावा. निदान तीन महिन्यांचा दुकानखर्च व घरखर्च शिल्लक असणे हे लक्ष्य धरावे.

ही शिल्लक कोठे ठेवायची तेही महत्त्वाचे आहे. जळगाव जिल्ह्यातील पतसंस्थांत ठेवी अडकल्याने किती कुटुंबे हवालदिल झाली हे आपण जाणतो. बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. अर्धा-एक टक्का अधिक व्याजासाठी संकटाचा पैसा संकटात घालू नये.

८) आपले सर्वांचे काम

अंगुत्तरनिकायात दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. त्याला मालाची व भावाची नजर असावी, तो खरेदी-विक्रीत कुशल असावा, आणि त्याला भांडवल देणाऱ्यांचा आधार असावा. पहिले दोन गुण आपला तरुण कष्टाने मिळवतो. तिसरा गुण एकट्याने मिळत नाही, तो समाजाने द्यावा लागतो. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. त्यांची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले व तो बंद पडला. ज्ञान होते, कौशल्य होते, आधार नव्हता.

आज तो आधार देणे आपल्या हाती आहे. तो कसा द्यायचा? येथे थोडे स्पष्ट बोलावे लागेल. आपल्या माणसाने दुकान टाकले की आपण आनंदाने उद्घाटनाला जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून तेथे उधार मागतो. दुसऱ्याच्या दुकानात रोख मोजतो आणि आपल्या दुकानात ‘घरचेच आहे’ म्हणतो. ठोक व्यापाऱ्याला ते घरचे नसते. वरच्या हिशेबातील ३५,००० पुष्कळदा आपल्याच वस्तीतील असतात. तेव्हा आपल्या दुकानदारास मदत करायची तर रोखीने खरेदी करावी, आणि जुनी बाकी असेल तर या महिन्यात थोडी तरी भरावी. त्याला याहून मोठी देणगी नाही.

मंडळांनीही काही करता येईल. दहा-बारा व्यावसायिकांनी महिन्यातून एकदा बसून आपापल्या वह्या पाहाव्यात, एकत्र खरेदी करावी, अडचणीत असलेल्याबरोबर एकाने बँकेत जावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी सुटीत एकेका दुकानाची वही लावून द्यावी. त्यांचाही अभ्यास होईल. मंदी येणार हे आपण टाळू शकत नाही. ती येईल तेव्हा आपले एकही दुकान केवळ वही नसल्यामुळे किंवा आपल्याच उधारीमुळे बंद पडू नये, एवढे मात्र आपण ठरवू शकतो.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या ओळखीच्या एका दुकानाचा महिन्याचा खर्च व शेकडा नफा विचारून त्याची रोजची किमान विक्री काढा.

२. शेकडा २५ नफा असलेल्या दुकानाने १० टक्के सूट दिली तर पूर्वीइतका नफा मिळवण्यासाठी विक्री किती वाढावी लागेल?

३. कापसाचा भाव क्विंटलला १,००० रुपयांनी उतरला तर तुमच्या गावातील कोणत्या दुकानांवर आधी परिणाम होईल, व का?

४. ‘मंदीत भाव उतरतो, कर्ज उतरत नाही’ हे १८६५ व १९२९ च्या उदाहरणांनी स्पष्ट करा.

५. तुमच्या घरची कोणत्या दुकानात किती बाकी आहे? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आणि ती केव्हा देता येईल ते त्यांच्याशी बोलून ठरवा.